शाळेतील दंतमित्रांविरुद्ध फिरणाऱ्या संदेशाला उत्तर

पालकांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक लांबलचक संदेश पुन्हा पुन्हा फिरतो आहे. आठवी-नववीच्या निवडक विद्यार्थ्यांना ‘दंतमित्र’ म्हणून प्रशिक्षण देऊन त्यांच्याकडून वर्गसोबत्यांना दातांची निगा शिकवण्याचा जो उपक्रम शाळा घेतात, त्याला पालकांनी संमती देऊ नये, असे तो सांगतो. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: हे काम डॉक्टरांचे आहे, पोरांचे नाही, दातांची काळजी मोठेपणी घेतली तरी चालते, आपल्या आजोबांचे दात लिंबाच्या काडीने टिकले, पेस्टमधले फ्लोराइड विष असते, आणि नुसते शिकवून कीड कमी होत नाही, हे अभ्यासांत दिसून आले आहे. मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी दातांचा दवाखाना चालवतो. या पाचांपैकी दोन मुद्द्यांत तथ्याचा अंश आहे, त्यामुळे संदेश सरसकट झटकून न टाकता त्याला मुद्देसूद उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

दुसऱ्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण सर्वाधिक नुकसान त्यातून होते. वयाच्या सहाव्या वर्षाच्या सुमारास, एकही दुधाचा दात न पडता, शेवटच्या दुधाच्या दाढेमागे जी दाढ उगवते ती कायमची असते. तिच्या जागी आधी काही नसते, त्यामुळे ती आल्याचे घरात कोणाच्या लक्षात येत नाही, आणि पुढे तिला कीड लागली की ‘दुधाचीच आहे, पडेल’ असे म्हणून दुर्लक्ष होते. बाराव्या वर्षाच्या आसपास तिच्यामागे दुसरी कायमची दाढ येते आणि दुधाचे उरलेले दात पडून जातात. सातवी-आठवीतल्या मुलाच्या तोंडात साधारणपणे जे 28 दात असतात, तेच त्याला आयुष्यभर पुरवायचे असतात. नव्याने उगवलेल्या दाढेचे वरचे कवच अजून पुरते पक्के झालेले नसते, तिच्या खाचा खोल असतात, आणि नेमक्या याच वयात मुलाच्या खिशात स्वतःचे पाच-दहा रुपये येऊ लागतात. गोड किंवा पिठूळ खाऊ तोंडात गेला की दातांवरच्या थरातील जिवाणू आम्ल तयार करतात. त्या थरातील सामू (आम्लता दाखवणारा pH; तो जितका कमी तितके आम्ल जास्त) साधारण 5.5 च्या खाली गेला की दातातील खनिज विरघळू लागते, आणि लाळेला ते सावरायला अर्धा तास ते तास लागतो. त्यामुळे एकूण किती गोड खाल्ले याच्याइतकेच, ते दिवसातून किती वेळा खाल्ले हे महत्त्वाचे असते. मधल्या सुट्टीत एक गोळी, शाळा सुटल्यावर दुसरी, शिकवणीला जाताना तिसरी, असे चालले तर दातांना उसंतच मिळत नाही.

माझ्याकडे तेरा-चौदा वर्षांची मुले येतात ती बहुधा त्या पहिल्या दाढेसाठी. पुष्कळदा ती वाचवता येण्यासारखी असते. पण रूट कॅनलसाठी तीन-चार फेऱ्या आणि वर कॅपचा खर्च, ज्या घरातील दोन्ही कर्ती माणसे दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला गेलेली असतात त्या घराला झेपत नाही. आजी मुलाला घेऊन येते आणि ‘काढूनच टाका, डॉक्टर’ म्हणते. मोठेपणी घ्यायची ती काळजी अशा वेळी उरलेलीच नसते.

आता पहिला मुद्दा. निदान आणि उपचार हे डॉक्टरचेच काम आहे, आणि कोणत्याही दंतमित्राने ते करू नये. परंतु दात टिकतात ते रोज रात्री घरच्या मोरीवर, आणि तिथे डॉक्टर नसतो. विद्यार्थ्यांना शिकवायचे असते ते मोजकेच: ब्रश हिरडीलगत कसा फिरवायचा, पेस्ट किती घ्यायची, रात्री घासल्यानंतर काही का खायचे नाही, आणि दुखण्याची वाट न पाहता केव्हा दाखवायला जायचे. चौदा वर्षांची मुलगी हे अचूक सांगू शकते. कराचीच्या शाळांमधील दहा-अकरा वर्षांच्या मुलांवरील एक अभ्यास 2012 साली प्रसिद्ध झाला. दातांच्या निगेच्या सवयी सुधारण्यात सोबत्यांनी दिलेले शिक्षण दंतवैद्यांच्या शिक्षणाच्या जवळपास बरोबरीचे आणि शिक्षकांच्या शिक्षणापेक्षा अधिक परिणामकारक ठरल्याचे त्यात आढळले. सरकारलाही ही कल्पना परकी नाही: 2014 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात सोबती-शिक्षकांना स्थान आहेच.

शिवाय काही गोष्टी मूल फक्त सोबत्याला सांगते. 2019 च्या जागतिक युवा तंबाखू सर्वेक्षणानुसार भारतात 13 ते 15 वयाचे 8.5 टक्के विद्यार्थी कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेत होते. महाराष्ट्रात 2012 पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी पुडी कोणाच्या दप्तरात आहे हे गुरुजींच्या आधी शेजारच्या बाकावरच्या मुलाला कळते.

लिंबाच्या काडीबद्दल मला आदर आहे. ती नीट चावून तिचा कुंचला केला आणि वेळ देऊन फिरवली तर दातांवरचा थर निघतो. पण आजोबांच्या लहानपणी शाळेच्या फाटकाशी पाच रुपयांच्या गोड पुड्यांच्या माळा लटकत नव्हत्या, आणि ज्यांचे दात चाळिशीतच गेले ते आजोबा कोणी उदाहरणादाखल सांगत नाही. त्याच घरात आजी मिसरी लावत असे, हेही संदेशात नाही. मिसरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. तिने हिरड्या मागे सरतात, व्यसन जडते आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. दंतमंजनात आणि पेस्टमध्ये तंबाखू घालण्यास केंद्र सरकारने 1992 सालीच मनाई केली, तरी आजीच्या डबीतून नातीच्या बोटावर ती आजही येते.

फ्लोराइडच्या मुद्द्यात तथ्य आहे ते पाण्यापुरते. नांदेड जिल्ह्यातील किनवटच्या बाजूला भूजलात फ्लोराइड जास्त असलेली गावे आहेत, आणि तिथल्या मुलांच्या दातांवरील तपकिरी डागांना बालपणी प्यालेले पाणी कारणीभूत असते. पाण्यातील मर्यादा लिटरला 1.5 मिलिग्रॅम आहे. लिटरला 3 मिलिग्रॅम असलेले दोन लिटर पाणी प्यायले तर दिवसाला 6 मिलिग्रॅम फ्लोराइड पोटात जाते. याउलट पेस्टमध्ये ते ग्रॅमला सुमारे 1 मिलिग्रॅम असते; वाटाण्याएवढी, म्हणजे पाव ग्रॅम पेस्ट घेतली तर पाव मिलिग्रॅम, आणि तेही थुंकून टाकायचे असते. समोरच्या कायमच्या दातांचे कवच आठव्या वर्षापर्यंत घडून झालेले असल्याने किशोरवयीन मुलांच्या त्या दातांवर पेस्टमुळे नवे डाग पडत नाहीत, उलट कीड रोखली जाते. मुलांवरील अनेक चाचण्यांचा 2003 साली एकत्रित आढावा घेण्यात आला, तेव्हा फ्लोराइडच्या पेस्टने कीड सरासरी 24 टक्क्यांनी कमी होत असल्याचे दिसले. ज्या गावाला शंका असेल त्याने हातपंपाचे पाणी तपासून घ्यावे. पेस्ट सोडून त्या गावाचा प्रश्न सुटणार नाही.

राहिला शेवटचा मुद्दा, आणि तो मला अर्धा मान्य आहे. वर्षातून एक व्याख्यान, एक तक्ता आणि एक फोटो एवढ्यावर कोणाचीही कीड थांबत नाही. माहिती वाढते, सवय बदलत नाही. शिक्षणाला रोजचे देखरेखीतले घासणे आणि फ्लोराइडची पेस्ट यांची जोड मिळते तेव्हा मात्र फरक पडण्याची शक्यता वाढते. म्हणून संमती नाकारण्यापेक्षा पालकांनी मुख्याध्यापकांना काही नेमके प्रश्न विचारावेत. दंतमित्र महिन्यातून किती वेळा वर्गासमोर येतात? पोषण आहारानंतर मुलांना नळाशी उभे राहून ब्रश करण्याइतका वेळ दिला जातो का? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक तपासणीला येते तेव्हा दुखऱ्या दाढेच्या मुलांची यादी त्याच्या हाती दिली जाते का, आणि पुढे त्या मुलांना रुग्णालयात कोण नेते?

ऊसतोडीला गेलेल्या पालकांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहे चालवणाऱ्या शाळांनी तर दंतमित्रांचा उपक्रम नक्कीच घ्यावा. तिथे ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत मुलांजवळ आई-वडील नसतात, आणि रात्री झोपण्यापूर्वी पाचवीतल्या पोराला ‘चल, ब्रश घे’ म्हणायला शेजारच्या सतरंजीवरचा आठवीतला मुलगाच असतो.