म्हणे, फार वाचते

आज डोकं जाम फिरलंय. शिफ्टला बसायच्या आधी हे लिहून मोकळी होते, नाहीतर तिथे कुणावर तरी निघेल.

आमच्या टीममधल्या एका पोरीचं अप्रेझल झालं. फीडबॅकच्या रकान्यात तिच्या वरच्याने लिहिलंय की ती चार्ट, म्हणजे पेशंटच्या डॉक्टरी नोंदींची फाइल, गरजेपेक्षा जास्त वाचते. ॲक्युरसी उत्तम, वागणूक उत्तम, सुट्ट्या नाहीत. पण वाचते फार. म्हणून प्रॉडक्शन, म्हणजे संपवलेल्या चार्टचा आकडा, कमी, म्हणून इन्सेन्टिव्ह कापला, आणि पुढच्या महिन्यात आकडा वाढला नाही तर पीआयपी, म्हणजे काम सुधारा अशी लेखी ताकीद. अरे, वाचण्याचाच पगार घेतो ना आपण? दुसरं कामच काय आहे आपलं?

आमचं काम ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, कारण आमच्या बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या कित्येक काकवांना अजून वाटतं की मी कॉल सेंटरमध्ये रात्रभर फोनवर बोलते. अमेरिकेत पासष्टीच्या पुढच्या लोकांसाठी सरकारी विमा आहे, मेडिकेअर. त्यातला मेडिकेअर ॲडव्हान्टेज नावाचा भाग खासगी विमा कंपन्या चालवतात आणि सरकार त्यांना माणशी पैसे देतं. माणूस जितका आजारी, तितकी रक्कम जास्त. आता कोण किती आजारी हे ठरवायचं तर त्याच्या डॉक्टरच्या नोंदी कुणीतरी वाचायला हव्यात आणि प्रत्येक आजाराला कोड लावायला हवा. ते आम्ही करतो. इथे बडोद्यात बसून. कुणी बीफार्म, कुणी फिजिओ, कुणी मायक्रोबायोलॉजी केलेली, काही होमिओपॅथीच्या डॉक्टरसुद्धा. आम्ही लावलेल्या कोडवर पुढे सगळे आलेख, अंदाज आणि हिशेब उभे राहतात. कंपनीच्या पाटीवर हेल्थकेअर ॲनालिटिक्स लिहिलेलं असतं, त्याच्या बुडाशी हे वाचन आहे.

आणि वाचायचं म्हणजे काय, तेही ऐका. १ ऑक्टोबर २०१५ पासून तिकडे आयसीडी-१० ही आजारांच्या कोडची यादी लागू आहे, सत्तर हजारांच्या आसपास कोड. चार्ट येतो तो बऱ्याचदा फॅक्सचा स्कॅन, मधली पानं आडवी, काही फिकी. डॉक्टरची सही नसेल तर ती व्हिजिट बाद. सही आहे पण पुढे पदवी नाही, तरी अडतं. मध्येच भलत्याच पेशंटचं पान घुसलेलं असतं, म्हणून पानोपानी नाव आणि जन्मतारीख तपासायची. ‘हिस्टरी ऑफ स्ट्रोक’ लिहिलं असेल तर पक्षाघाताचा झटका पूर्वी येऊन गेलाय, तो चालू आजार म्हणून लावला की झाली चूक. औषधांची तीच यादी वर्षानुवर्षं प्रत्येक व्हिजिटला जशीच्या तशी उतरलेली असते, त्यातलं कुठलं औषध खरंच चालू आहे ते शोधायचं. फोन लॉकरमध्ये, टेबलावर कागद-पेन नाही, जे काही आहे ते डोळ्यांत आणि डोक्यात. अशा कामात वाचणं हा दोष कसा काय ठरतो, मला कुणी समजावून सांगाल का?

आता त्या पोरीचं सांगते. पेशंटची ओळख पटेल असं काही लिहीत नाही, पुढे-मागे कुणी शोधायला जाऊ नका.

गेल्या पावसाळ्यात जुन्या वर्षांचे चार्ट ऑडिटसाठी आले होते. त्यात एका म्हाताऱ्या बाईंचा जाडजूड चार्ट होता. मधुमेह, सोबत किडनीचा त्रास. सॉफ्टवेअरने आधीच पिवळ्या रंगात आजार दाखवलेले. बहुतेक जण काय करतात, पिवळं बघायचं, बरोबर असेल तर ॲक्सेप्ट, पुढचा चार्ट. तिनेही तेवढं केलं असतं तर तिला कुणी काही बोललं नसतं. पण ती पुढे वाचत गेली. मागे कुठेतरी नर्सची फोनची नोंद होती, की बाई इन्सुलिन अर्धंच घेतायत, बाटली महिनाभर पुरवायची म्हणून. आता नर्सच्या फोनच्या नोंदीवर आमच्याकडे कोड लावता येत नाही, डॉक्टरची समोरासमोरची व्हिजिट लागते. म्हणून ती आणखी पुढे गेली, आणि तीन व्हिजिटनंतर डॉक्टरच्याच नोंदीत ते सापडलं: औषध परवडत नाही म्हणून पेशंट कमी डोस घेते. त्याआधीच्या व्हिजिटमध्ये त्याच डॉक्टरने त्याच बाईंबद्दल फक्त ‘सांगितलेलं पाळत नाही’ एवढंच लिहिलं होतं.

यासाठी कोड आहे. झेड ९१.१२०. पैशाअभावी पेशंटने मुद्दाम औषध कमी घेणं. सोबत टी ३८.३एक्स६ए, मधुमेहाचं औषध कमी पडलं म्हणून. कुणीतरी कधीतरी बसून एवढा विचार केला, की ‘औषध घेत नाही’ आणि ‘औषध घेणं परवडत नाही’ हे वेगवेगळं नोंदलं गेलं पाहिजे. पोरीने दोन्ही कोड लावले. उत्तर काय आलं? स्कोपमध्ये, म्हणजे क्लायंटने ठरवून दिलेल्या कामात, नाही. या कोडला वजन नाही, म्हणजे विमा कंपनीला त्याचे पैसे मिळत नाहीत, म्हणजे क्लायंटला तो नको. काढून टाक आणि पुढे हो. त्या एका चार्टने तिचं त्या रात्रीचं प्रॉडक्शन बसलं आणि तिच्या नावावर शेरा लागायला तिथून सुरुवात झाली.

तिला कॅन्टीनमध्ये विचारलं होतं मी, की इतकी मागे का लागलीस. म्हणाली, “ताई, माझी आजी गोळ्या अर्ध्या करून घ्यायची. आम्हाला ती गेल्यावर कळलं, डब्यात अर्धे तुकडे निघाले तेव्हा. ती नोंद वाचली आणि मला पुढे जाववेना.” आता अशा पोरीला तुम्ही सांगणार की बाई गं, तू फार वाचतेस?

मान्य आहे, क्लायंट चार्टमागे पैसे देतो. इथे वेळ लागला तर काम फिलिपीन्समध्ये मनिलाला जाईल, हेही मान्य. कंपनी धर्मादाय चालत नाही. झालं? पण मग मला सांगा, बारा पानांचा चार्टही एक आणि चारशे पानांचा चार्टही एक, हे कुठलं गणित? ज्याच्या वाट्याला जाड चार्ट आले त्याने काय पाप केलंय? क्वेरी, म्हणजे नोंद स्पष्ट नसेल तर विचारायचा लेखी प्रश्न, लिहायला लागणारा वेळ कुठेच मोजत नाहीत. ॲक्युरसी पंच्याण्णव टक्क्यांच्या खाली गेली तर मान खाली घालून उभं राहायचं, आणि ती वर ठेवायला जे करावं लागतं ते केलं तरी मान खालीच. दोन्हीकडून दांडकं आमच्याच पाठीत.

आणि हे फक्त भावनेचं बोलत नाहीये मी. चुकीचे कोड लावून सरकारकडून जास्त पैसे घेतल्याच्या आरोपावरून तिथल्या सिग्ना नावाच्या विमा कंपनीने २०२३ मध्ये १७ कोटी डॉलरांहून जास्त रक्कम भरून प्रकरण मिटवलं. चार्टमध्ये जे नाही ते लावलं जाऊ नये, याला अडवणारा माणूस कोण? तोच, जो पिवळ्याच्या पुढे वाचतो. पैशाचं गणितही कायमचं नसतं. २०२४ पासून कुठल्या आजाराला किती वजन ते ठरवणारं सरकारचं नवं मॉडेल टप्प्याटप्प्याने आलं, मधुमेहाच्या गुंतागुंतीच्या गटाला पूर्वी वजन जास्त होतं, आता साध्या मधुमेहाइतकंच. काल ज्याच्या मागे सगळा फ्लोअर धावत होता त्याची आज कुणाला पडलेली नाही. आज ज्या कोडला किंमत नाही त्याला उद्या येईलही. पण खरं सांगते, हा मुद्दा लिहितानाही मला कसंतरी होतंय. पैसे मिळतील म्हणून ती नोंद महत्त्वाची, असं म्हणायची वेळ आपल्यावर यावी? ती बाई अर्धं इन्सुलिन घेत होती. एवढं पुरे नाही का?

अमेरिकेने १ जानेवारी २०२३ पासून मेडिकेअरवाल्यांच्या खिशातून इन्सुलिनला महिन्याला ३५ डॉलरपेक्षा जास्त जाऊ नयेत असा कायदा लागू केला. तो चार्ट त्याआधीच्या वर्षांचा होता. म्हणजे अशा बाया होत्या, पुष्कळ होत्या, आणि त्यांचं दुखणं त्यांच्या सरकारलाही मान्य करावं लागलं. आमच्या पोरीने ते बडोद्यात बसून ओळखलं. मला तिचा अभिमान वाटतो. तिच्या आईलाही सांगितलं मी तसं.

थोडं शांत होऊन लिहिते, कारण या कामाने मला पुष्कळ दिलंय आणि ते नाकारणं बरोबर नाही. हे नसतं तर मी पुण्याला तरी गेले असते नाहीतर नोकरी सोडून घरी बसले असते. सासूबाईंच्या ऑपरेशनला पैसे याच पगारातून उभे राहिले. सर्टिफिकेशनची फी कंपनीने भरली, रात्री मुलींना घरापर्यंत कॅब सोडते, उंबऱ्यात पोचल्याचा मेसेज घेतल्याशिवाय ड्रायव्हरभाई हलत नाहीत. फ्लोअरवर गुजराती, मराठी, मल्याळी सगळ्या पोरी एका डब्यात जेवतात. कुणाच्या घरी बाळंतपण असेल तर दुसरी तिची शिफ्ट घेते. नवरात्रात सगळं शहर गरब्याला आणि आम्ही कॅबच्या काचेतून बघत ऑफिसला, दिवाळीला लॉगइन आणि थँक्सगिव्हिंगला सुट्टी, मार्च आणि नोव्हेंबरात तिकडचं घड्याळ बदललं की आमची झोप तासाने सरकते. हे सगळं आम्ही पत्करलंय, त्याबद्दल आज एक अक्षर तक्रार नाही.

पण काम नीट करायची मुभा तरी द्या!

आता म्हणतात एआय येतंय, मशीन वाचेल, तुम्ही फक्त बरोबर की चूक सांगा. येऊ दे. मशीन वेगात वाचतं हे मला कबूल आहे, दमत नाही हेही कबूल. पण बरोबर की चूक सांगायला तरी ते पान वाचावंच लागेल ना? आमच्याकडचं पिवळं याच मशीनचं आहे, आणि येऊन गेलेला झटका चालू आजार म्हणून त्याने दाखवलेला मी स्वतः कितीदा खोडलाय. त्या बाईंच्या नोंदीवर पिवळं नव्हतंच. नसणारच, कारण त्याला ते शोधायला कुणी सांगितलंच नव्हतं.

आणि हे सगळं कुठे घडतंय, तर बडोद्यात. सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये सगळ्या संस्थानात सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण केलं. १९१० मध्ये विल्यम बॉर्डन नावाच्या ग्रंथपालाला थेट अमेरिकेहून बोलावून गावोगावी वाचनालयं उभी करायचं काम दिलं. फिरती पुस्तकपेटी खेड्यात जायची, लोकांनी वाचावं म्हणून. मांडवीजवळच्या त्या सेंट्रल लायब्ररीत माझे आजोबा रोज संध्याकाळी जाऊन बसत. त्या शहरातल्या शिकल्यासवरल्या मुलीला, अमेरिकेच्याच कामासाठी, लेखी कळवलं जातं की तिचं वाचन जास्त होतंय. ज्याने लिहिलं तोही इथल्याच युनिव्हर्सिटीतून शिकलेला आहे. त्याच्यावर वरून दबाव आहे, मला ठाऊक आहे. त्याच्या डॅशबोर्डवर फक्त आकडा दिसतो, वाचलेलं दिसत नाही. पण तो स्वतः कोडर होता रे! चारशे पानांच्या चार्टने त्याचेही डोळे गेलेत. त्याने तरी ती ओळ लिहायला नको होती.

मी त्याला आज दुपारीच फोन केला. ऐकून घेतलं त्याने, वाद घातला नाही. “बघतो” म्हणाला. बघतो म्हणजे काय ते आपल्याला कळतं, पण मी सोडणार नाहीये. परवा तिची एचआरबरोबर बैठक आहे आणि मी सोबत जाणार आहे. तो शेरा काढा, टार्गेट पानांवर ठरवा, क्वेरीचा वेळ धरा. आणि स्कोपबाहेरचं काही दिसलं तर ते नोंदवायला एक रकाना द्या, क्लायंटला पाठवायचं की नाही ते वरचे ठरवतील. यात कुणाचं दिवाळं निघत नाही.

गोत्री, अकोटा, अलकापुरीकडच्या अशाच कंपन्यांत जे बसता त्यांनी मला लिहा, तुमच्याकडे चार्ट कसा मोजतात. कंपनीचं नाव नको, फक्त पद्धत सांगा, म्हणजे परवा बैठकीत मला म्हणता येईल की दुसरीकडे असं होतं. आणि ज्यांच्या मुली-सुना यंदा कोडिंगचा कोर्स करून मुलाखतीला जाणार आहेत त्यांनी पगाराआधी हे विचारायला सांगा: टार्गेट चार्टवर आहे की पानांवर, आणि क्वेरीला वेळ मिळतो का. उत्तर द्यायला टाळाटाळ झाली तर मला मेसेज करा, कुठे विचारायचं ते मी सांगते.