२४ केबीचा टँक आणि मास्तरांचे पेंग्विन

परवा रात्री बेळगावात टिळकवाडीत तिसऱ्या गेटाकडच्या आमच्या कट्ट्यावर भांडण झालं ते टीव्ही गेमवरनं. चाळिशी उलटलेली माणसं, एकाला डॉक्टरनं जिना चढू नको म्हणून सांगितलंय, आणि विषय काय तर कॅसेटवरचा कमी माहितीचा कुठला गेम खरा भारी होता. मारिओ आणि कॉन्ट्रा आधीच बाद केले, ते सगळ्यांनाच माहिती, त्यात काय बोलायचं.

पप्या लगेच म्हणाला रोड फायटर. कोनामी कंपनीचा, आर्केडला (दुकानात नाणं टाकून खेळायच्या मशीनवर) १९८४ साली आला आणि पुढच्या वर्षी घरच्या मशीनवर. "एक गाडी, एक रस्ता, पेट्रोल संपायच्या आत पोचायचं, बास. ट्रकला लागलास की संपलास, आणि रंगीत गाडी दिसली की तिला धरायचं, पेट्रोल मिळतंय. न धडकता लांब गेलास की बाजूनं सुपरमॅन उडत जायचा, आठवतंय न्हवं?" तो सुपरमॅन नव्हे, कोनामी मॅन, पण हे त्याला सांगून उपयोग नाही, पप्या अजून टूथपेस्टला कोलगेटच म्हणतो.

"चार स्टेजमध्ये खलास होणारा गेम काय सांगालास मर्दा," मास्तर म्हणाले. हे खरोखरच शाळेत गणित शिकवतात, त्यामुळं आम्ही सगळे त्यांना अहो-जाहो करतो, वर्गातल्या शेवटच्या बाकावर एकत्र बसलेलो असूनसुद्धा. त्यांचं मत बायनरी लँड. शिवूनं नावच ऐकलं नव्हतं. मग मास्तरांनी स्कूटरच्या धुळीनं भरलेल्या सीटवर बोटानं काढून दाखवलं: मधे भिंत, एका बाजूला एक पेंग्विन, दुसऱ्या बाजूला दुसरा, वर मध्यभागी पिंजरा, त्यात पत्त्यातला असतो तसला बदाम. तुम्ही उजवं बटण दाबलं की एक उजवीकडं जातो आणि दुसरा डावीकडं. दोन्ही बाजूंचे रस्ते वेगळे, म्हणजे एकाला वाट मोकळी तेव्हा दुसरा भिंतीला थटलेला, आणि दोघं पिंजऱ्याच्या दोन बाजूंना एकाच वेळी पोचले तरच स्टेज सुटणार. त्यात कोळ्याची जाळी. एक अडकला की दुसऱ्यानं येऊन फवारा मारून सोडवायचा, पण त्याला आणायचं म्हणजे पुन्हा सगळं उलटं. "एका डोक्यानं दोघांना चालवायचं, असा गेम आज दाखवा मला," मास्तर म्हणाले. हे मात्र मला पटलं. भिंतीला एकाला मुद्दाम थटवून ठेवायचं आणि तेवढ्यात दुसऱ्याची जागा सुधारायची, ही युक्ती सापडली की त्या गेमची खरी मजा चालू होते.

शिवूचं म्हणणं एकच, टँक. "ए, सुम्म बसा की सगळे. टँकच्या पुढं काय हाय?" शिवूच्या घरी कन्नड, पण आमच्यात वाढल्यामुळं भांडण तो मराठीतच करतो. म्हणजे बॅटल सिटी, नामको कंपनीचा, १९८५, ३५ स्टेज. त्याचा मुद्दा असा की त्यात शत्रूपेक्षा जोडीदार डेंजर. आपली गोळी जोडीदाराला लागली की तो थोडा वेळ जागेवर थिजतो, आणि आपलीच गोळी आपण राखायच्या गरुडाला लागली तर खेळ खल्लास. "भावाला मुद्दाम थिजवायचा आणि स्टार आपण खायचा, चार भिंतीत शिकवण काय मिळाली बघ." स्टार खाऊन खाऊन शेवटी लोखंडाची भिंत फुटायची आणि कन्स्ट्रक्शनमध्ये जाऊन आपला नकाशा आपण बांधायचा, गरुडाभोवती सगळीकडनं लोखंड लावलं की निवांत. होडी मिळायची तो टँक वेगळा, ती पायरसीवाल्यांनी बदललेली 'टँक १९९०' नावाची कॅसेट, यावरनं पप्या आणि शिवूत अजून दहा मिनिटं गेली, ती सोडून देतो.

इथं माझं घोडं मी दामटलं. म्हटलं, हेच गेम आपल्याकडं का आले ते कुणी विचारलंय का? बॅटल सिटी सगळा मिळून २४ केबी. आज मोबाईलवरचा एक फोटो त्याच्या कितीतरी पट. कॅसेट बनवणाऱ्यांना एका चिपमध्ये जास्तीत जास्त कोंबायचं होतं, मग त्यांनी १९८३ ते ८६ मधले जपानी छोटे गेम उचलले, आणि तेच तेच गेम वेगळ्या स्टेजपासनं चालू करून वर नऊ-नऊ-नऊ गेम असल्याचा आकडा छापला. बॅटल सिटी, बायनरी लँड, सर्कस चार्ली, रोड फायटर, यातला एकही तेव्हा अमेरिकेतल्या निन्टेंडोच्या मशीनसाठी निघाला नव्हता. म्हणजे तिकडचा गेमचा पंडित ज्याला दुर्मिळ म्हणतो तो अनगोळातल्या शेंबड्या पोराला तोंडपाठ. आवडनिवड आपली नव्हतीच, चिपच्या साईजनं ठरवलेली.

रव्या इतका वेळ गप्प होता, सुट्टीला बेंगळुरूहून आलेला. "सगळं आठवणींचं गुऱ्हाळ आहे," तो म्हणाला, "गेम लहान म्हणून अवघड केलेले, दोनदा मेलं की परत पहिल्यापासनं, यात कसली कला? आज लावून दे, दहा मिनिटांत उठशील." सर्कस चार्लीबद्दल त्याचं बरोबर आहे. सिंहावरनं आगीच्या चाकातनं उडी, मग दोरीवर माकडं, मग चेंडू, पाठ झालं की झालं. पण टँकला ते लागू नाही, कारण तिथं समोर माणूस असतो आणि माणूस पाठ होत नाही. रव्या म्हणाला मग गेम भारी नव्हे, भाऊ भारी. याला उत्तर मला तिथल्या तिथं सुचलं नाही आणि अजूनही नीट सुचलेलं नाही.

विषय बदलायला मी बंदुकीनं बदकं टिपायचा डक हंट काढला. एका बदकाच्या खेळात दुसऱ्या माणसाला रिमोटनं बदक हलवता येतं हे पप्याला आत्ता कळलं आणि तो खरंच चिडला, कारण त्याचा थोरला भाऊ हे करायचा आणि वर म्हणायचा तुझा नेम वाईट.

"जुनी बंदूक माळ्यावर हाय," शिवू म्हणाला, "लावूया रविवारी."

नव्या टीव्हीवर ती चालणार नाही, तिला जुना डबा टीव्हीच लागतो, पडद्यावरचा उजेड ती त्या टीव्हीच्याच तालात ओळखते. मग डबा टीव्ही कुणाकडं आहे यावर चर्चा. मास्तरांच्या शाळेत आहे, पण ते द्यायला तयार नाहीत, आणि तेवढ्यात पप्यानं मुस्तफा काढला. म्हणजे कॅपकॉम कंपनीचा, १९९३ चा कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स, जो आर्केडमधनं घरच्या मशीनवर कधी आलाच नाही. रव्या म्हणाला तो कमी माहितीचा गेम कसा, अख्ख्या बेळगावाला माहिती आहे. शिवू म्हणाला बेळगाव म्हणजे जग न्हवे काय?