पुस्तकांचा पोदेर

आमच्या गोव्यातल्या वाड्यावर सकाळी साडेसहाला पोदेर, म्हणजे पाववाला, येतो. सायकलचा भोंगा पों-पों वाजला की आई पिशवी घेऊन दारात. चार उंडे, दोन कांकणं. ते घेऊन ती आत वळते आणि मी अंथरुणात उठून बसतोय तोच विचारते, "आज कितें?"

आज कुठलं पुस्तक, असं तिला विचारायचं असतं. घरातला दुसरा पोदेर मी.

आमच्याकडे बोलायचं कोकणीत आणि वाचायचं मराठीत, ही जुनी वाटणी आहे. फोंड्याच्या बाजूच्या बऱ्याच घरांत ती तशीच चालते. पुस्तकं भरपूर होती. पण वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो तिथे लाकडी कपाटात पुस्तक ठेवणं म्हणजे जूनमध्ये अंगणात पापड वाळत घालणं. कडुनिंबाचा पाला घातला, डांबराच्या गोळ्या घातल्या. बुऱ्याला डांबराचा वास आवडत असावा. कसर तर एवढी चोखंदळ की शेवटचं प्रकरण नेमकं तीच आधी वाचायची.

म्हणून मी ई-रीडर, म्हणजे पुस्तकं वाचायचं यंत्र, घेतला. स्वतःसाठी. हे मुद्दाम सांगतो, कारण घरात आता हे कुणाला आठवत नाही.

"कितल्याक घेतलें?" आईने विचारलं.

खरी किंमत अकरा हजार. मी चार सांगितली.

"चार हजार! चार हजारांक कितलीं पुस्तकां मेळटालीं!"

तिला पटवावं म्हणून मी पडद्याची कुंडली मांडली. आत बारीक बारीक पुटकुळ्या असतात, त्यांत काळे-पांढरे कण. विजेने त्यांना वर-खाली ओढलं की अक्षर उमटतं, आणि एकदा उमटलं की पान तसंच ठेवायला वीज लागत नाही. म्हणून चार्जिंग आठवडेच्या आठवडे पुरतं. आईने यातलं काही ऐकलं नाही. तिचं बोट अक्षर मोठं करायच्या खुणेवर पडलं होतं. अक्षर वाढलं, आणखी वाढलं, सुपारीएवढं झालं. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर पहिल्यांदाच ती चष्मा न शोधता वाचू लागली. त्या क्षणी ते यंत्र माझं राहिलं नाही.

एवढ्या अक्षरात पानावर सहा ओळी मावतात. दर दहा सेकंदांनी पान उलटायचं, आणि उलटताना पडदा क्षणभर काळा होऊन परत पांढरा होतो. अंधाऱ्या खोलीतून कुणीतरी सारखं डोळे मिचकावतंय असं वाटतं. आणि वेग? ती दोन दिवसांत कादंबरी संपवते. पाठ अजून ताठ आहे, घरात सून आहे, आणि टीव्हीवरच्या बायका तिला आवडत नाहीत.

पहिले दोन महिने विकत घेतली. ऑफर असली की एकोणपन्नास रुपये, नसली की जवळजवळ छापील पुस्तकाएवढेच. कागद नाही, शाई नाही, रद्दीत घालायची सोय नाही, तरी किंमत तीच. बायकोने एकदा बँकेचा मेसेज वाचून दाखवला आणि त्या दिवसापासून फुकटाचा शोध सुरू झाला.

फुकट मिळणारे लेखक कायद्याने ठरवून दिलेले आहेत. लेखक वारला की त्या वर्षाच्या अखेरीपासून साठ वर्षं मोजायची, मग कॉपीराइट संपतो. पूर्वी पन्नास होती. रवींद्रनाथ 1941 साली गेले, त्यांची मुदत 1991 अखेर संपत आली तेव्हा सरकारने दहा वाढवली. हे मी आईला एकदाच सांगितलं. तेव्हापासून कुठल्याही लेखकाचं नाव घेतलं की तिचा पहिला प्रश्न: "हो केन्ना मेलो?"

हरिभाऊ आपटे 1919. "बरें." साने गुरुजी 1950. "बरें." एका नावावर मी म्हटलं, हे 1971 साली गेले. ती खरोखर हळहळली. माणूस आणखी थोडा आधी जायला हवा होता, असं तोंडाने म्हणाली नाही एवढंच. 1 जानेवारी 2026 ला 1965 साली गेलेले लेखक मोकळे झाले. त्या सकाळी उंड्यांची पिशवी हातात घेऊनच तिने विचारलं, "औंदां कोण सुटलो?"

मराठी विकिस्रोत या फुकट ऑनलाइन ग्रंथालयात माणसांनी बसून तपासलेला मजकूर मिळतो, तो यंत्रावर गुण्यागोविंदाने नांदतो. बाकी ठिकाणी पुस्तकांच्या पानांचे नुसते फोटो. सहा इंची पडद्यावर ते उघडले की अक्षरं मोहरीएवढी. मोठी करावीत तर अर्धी ओळ उजवीकडे पडद्याबाहेर. आई एक ओळ वाचायची, बोटाने पान सरकवायची, उरलेली अर्धी वाचायची, परत मागे यायची. पेजेतून शितं वेचावीत तसं.

मग मी अति शहाणपणा करून एका जुन्या फाँटमधलं पुस्तक युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही यंत्राला कळणाऱ्या अक्षरांत, आणलं. त्या फाँटमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप केलेली असते. माझ्या रूपांतरात ती तिथेच राहिली आणि मागच्या अक्षराच्या डोक्यावर बसली. 'कवि'चा झाला 'किव', 'पति'चा झाला 'पित'. रात्री आत रेशनचे तांदूळ निवडत असलेल्या सुनेला आई मोठ्याने वाचून दाखवत होती: "पित घरी आला. पित रागावला. पित जेवला नाही."

"हाका पित्त खूब दिसता गो," आई म्हणाली. "आनी हो किव किवता करता. कीव येवपासारकीच आसा."

पण एक लाभ झाला. ही पुस्तकं 1962 च्या शुद्धलेखनाच्या नियमांआधीची. 'घरांत', 'त्यानें', जिथे तिथे अनुस्वार. मला ते डोळ्यांत खुपतात. आईला मात्र ते पाहून माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं, कारण आमच्या कोकणीत ते अजून आहेत. "पळय, पयलीं मराठी बी आमचेवरीच बरयताले." कोकणी-मराठीच्या या मुद्द्यावर गोव्यात काय काय होऊन गेलंय ते लक्षात घेऊन मी गप्प बसलो.

साठा संपला की शनिवारी बस धरून तीसेक किलोमीटरवर पणजी. पाटोवरचं कृष्णदास शामा ग्रंथालय मूळचं 1832 सालचं. तिथे मी खुर्चीत बसून कागदाचं पुस्तक चाळतो आणि चोरून मागचा मजकूर पाहतो, लेखक कधी गेला ते.

गेल्या आषाढात घरी परतलो तर आई रिकाम्या हाताने बसलेली. यंत्र कुठे?

"शेजारचे काकीक दिलें. चार दिसांनी दितली."

"अगं, ते काय पुस्तक आहे का उसनं द्यायला?"

"मागीर कितें तें?"

याला उत्तर नव्हतं. काकीने सहाव्या दिवशी आणून दिलं. कव्हरमध्ये, ती वाचत होती तिथली खूण म्हणून, सुकलेलं अबोलीचं फूल. चार्जिंग शून्य. आणि निरोप: आमच्या नणंदेलाही हवंय.

ते नणंदेकडे गेलं. मी कपाट उघडलं, एका पुस्तकावरचा बुरा जुन्या बनियनने पुसला आणि पडवीत बसलो. कसरीची भोकं पहिल्या पानापासून छत्तिसाव्यापर्यंत आरपार, तिथून पलीकडचं आंब्याचं झाड दिसत होतं. पण सुरुवात झकास होती. बारा पानं झाली असतील, मागे सावली पडली.

"तुजें वाचून जालें की म्हाका दी रे," आई म्हणाली. "कागदाचें वाचून खूब दीस जाले."