सीडी भंगारात देण्याआधी हे वाचा

भावकीच्या ग्रुपवर, सोसायटीच्या ग्रुपवर सध्या एकच मेसेज फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: ‘सीडी दहा वर्षांत आपोआप खराब होते. कॉम्प्युटरवर घेतली की आवाज पातळ होतो. सगळी गाणी आता मोबाईलवर फुकट आहेत. तेव्हा सीडी आणि प्लेअर दोन्ही भंगारवाल्याला देऊन मोकळे व्हा.’ जळगाव-धुळ्याकडच्या घरांतून अशा पिशव्या बाहेर पडताना मी पाहतेय, म्हणून हे लिहितेय. फाइलींकडे जायला माझा विरोध नाही, आमच्या घरातही आता गाणी हार्ड डिस्कवरूनच वाजतात. पण आधी गाणी उतरवून घ्यायची, मग सीडी कपाटात ठेवायची. भंगाराचा प्रश्नच येत नाही.

आधी दहा वर्षांचं बघू. सीडी १९८२ मध्ये बाजारात आली आणि नव्वदच्या दशकात छापलेल्या कितीतरी सीडी आजही खणखणीत वाजतात. कंपनीच्या सीडीत गाणं प्लास्टिकमध्ये सूक्ष्म खड्ड्यांच्या रूपाने दाबलेलं असतं, त्यावर ॲल्युमिनियमचा थर आणि वर संरक्षक लॅकरचा. ती अशी सहजासहजी मरत नाही. घरी किंवा स्टुडिओत राइट केलेली सीडी मात्र वेगळी. तिच्यात खड्डे नसतात, लेझरने रंगाच्या थरावर खुणा उमटवलेल्या असतात आणि हा रंग उष्णतेने, उन्हाने उतरत जातो. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ पर्यंत जातो, पत्र्याखालच्या माळ्यावर तर विचारूच नका. म्हणजे जी बाजारात पुन्हा मिळू शकते ती टिकते, आणि जिची दुसरी प्रत जगात नाही ती आधी जाते. मेसेज लिहिणाऱ्याला हा फरकच ठाऊक नाही.

आवाज पातळ होतो म्हणे. सीडीवर आवाजाचे सेकंदाला ४४,१०० नमुने असतात, प्रत्येक १६ बिटचा, डाव्या-उजव्या बाजूचे वेगळे. ‘फ्लॅक’ या काहीही न गाळता साठवणाऱ्या फाइलप्रकारात उतरवलं तर यातला एकही आकडा गळत नाही. तासाभराची सीडी ३०० ते ४०० एमबीत मावते आणि ॲम्प्लिफायरला तेच पोचतं जे सीडीतून पोचलं असतं. मग लोकांना पातळ का वाटतं? कारण विंडोज मीडिया प्लेअर मूळ सेटिंगवर १२८ केबीपीएसला गाणं दाबून टाकायचा, सीडीच्या अकराव्या हिश्श्याएवढं. शिवाय बाजारात शंभर-दीडशे गाण्यांची एमपीथ्री सीडी मिळायची, तिचा आवाज बहुतेकांच्या कानात बसलाय. त्यात गाणी ऐकायची लॅपटॉपच्या टिचभर स्पीकरवर! दोष फाइलीचा नाही. जुना ॲम्प आणि स्पीकर ठेवा, लॅपटॉप किंवा फोनला छोटा यूएसबी डॅक (फाइलीतल्या आकड्यांचा आवाजाचा सिग्नल करणारी डबी) लावून त्याची पिन ॲम्पच्या ‘ऑक्स’ या भोकात घाला आणि मग बोला.

आता ज्या दाव्याचा मला खरा राग येतो तो: ‘सगळं मोबाईलवर आहे.’ हिंदी सिनेमातलं बरंच आहे, कबूल. पण तेही ॲपच्या मर्जीवर. रेसो हे गाण्यांचं ॲप जानेवारी २०२४ मध्ये भारतात बंद झालं, विंक हे दुसरं त्याच वर्षी बंद पडलं, आणि लोकांनी वर्षानुवर्षं जमवलेल्या याद्या त्यांच्यासोबत गेल्या. आणि आपलं काय? आखाजीची (अक्षय्य तृतीयेची) झोक्यावरची गाणी, गौराईची गाणी, गावच्या यात्रेत घेतलेल्या अहिराणी गाण्यांच्या व्हीसीडी (व्हिडिओ सीडी), या कुठल्या ॲपवर आहेत? थोडं काही यूट्यूबवर कुणीतरी टाकलंय, बाकीचं घराघरांतल्या पिशव्यांत आहे. त्याच पिशव्या भंगारात चालल्यात.

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई, ही खानदेशातली देवी, बसते. एका वर्षी रात्रभराची गाणी भाच्याने रेकॉर्ड करून सीडीवर राइट केली होती. वर स्केच पेनने फक्त ‘कानबाई’ लिहिलेलं. आमच्या मोठ्या आईचा आवाज आज त्या एकाच ठिकाणी आहे. उतरवायला घेतली तेव्हा पहिली गाणी भराभर आली, शेवटच्या दोन गाण्यांना ड्राइव्ह घरघरायला लागला आणि स्क्रीनवरची पुढे सरकणारी पट्टी एका जागी अडकली. सीडी आतून बाहेर वाचली जाते, आपली बोटं लागतात ती कडेला, त्यामुळे शेवटची गाणी आधी रुसतात. मऊ सुती कापडाने मधून कडेकडे सरळ पुसली (गोल गोल पुसायची नाही), वाचण्याचा वेग कमी केला आणि दोन्ही गाणी आली. त्यातल्या एकात मोठी आई मध्येच कुणाला तरी नैवेद्याचे रोट झाकून ठेवायला सांगते.

सीडी उतरवायचं एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी हे सॉफ्टवेअर खासगी वापरासाठी फुकट आहे आणि चुकलेला भाग पुन्हा पुन्हा वाचून पाहतं. बाहेरून लावायचा डीव्हीडी रायटर शेजारीपाजारी उसना मिळाला तरी काम होतं. व्हीसीडी असेल तर आतल्या ‘एमपीईजीएव्ही’ फोल्डरमधल्या डॅट फाइली कॉपी करा, व्हीएलसीवर चालतात. अहिराणी सीडीच्या गाण्यांची नावं इंटरनेटवरून आपोआप सहसा येत नाहीत, नुसतं ‘ट्रॅक १’ दिसतं. कव्हर बघून गायक, गाव, गाणं स्वतः टाइप करा आणि कव्हरचा फोटो त्याच फोल्डरमध्ये ठेवा. हे काम किचकट आहे, पण नावं गेली की गाणं सापडतच नाही.

हार्ड डिस्कही बंद पडते, तेव्हा दुसरी प्रत पुण्या-नाशिकला राहणाऱ्या भावाकडे द्या. बिघडलेला प्लेअर दुरुस्त होत नाही असं लोक म्हणतात, तेही सरसकट खरं नाही, बऱ्याचदा लेन्सवरची धूळ किंवा ट्रेचा सैल पट्टा एवढंच असतं.

पिशवी उघडाल तेव्हा क्रम मात्र असा ठेवा: हाताने नाव लिहिलेल्या सीडी सर्वांत आधी, मग अहिराणी आणि गावाकडच्या, सिनेमाच्या शेवटी.