लिंचला चेंडू का दिला नाही? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुम्ही एवढं मनापासून लिहिलंत, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. तुमचं म्हणणं असं, की २०१५ च्या सुपर बोलबद्दल (अमेरिकन फुटबॉलचा वार्षिक अंतिम सामना) लिहिताना मी सिअ‍ॅटल सीहॉक्सचे तेव्हाचे प्रशिक्षक पीट कॅरल यांना उगाच पाठीशी घातलं. गोललाइन (जी ओलांडली की टचडाउन, म्हणजे सहा गुण) एका यार्डावर, हाताशी मार्शॉन लिंचसारखा दणकट रनिंग बॅक (चेंडू घेऊन पळणारा खेळाडू), तरी पास टाकायला लावणं म्हणजे शुद्ध मूर्खपणा; तो पास प्रतिस्पर्ध्यांनी पकडला आणि सिअ‍ॅटल हरलं. मला हे अजिबात पटत नाही.

आधी घड्याळ बघा. न्यू इंग्लंड पॅट्रियट्स २८-२४ ने पुढे. दुसरा डाउन (चार प्रयत्नांपैकी दुसरा), २६ सेकंद शिल्लक आणि सिअ‍ॅटलकडे घड्याळ थांबवायला एकच टाइम-आउट. पळणारा खेळाडू मैदानातच अडवला गेला तर घड्याळ चालू राहतं, पास जमिनीवर पडला तर थांबतं. लिंचला लागोपाठ पळवायचं म्हटलं, तर पहिल्या अपयशातच टाइम-आउट गेला असता आणि दुसऱ्यानंतर आणखी एक चाल खेळायला वेळ उरलाच असता असं नाही. उरलेल्या तिन्ही संधी हव्या असतील तर त्यातली एक पासची ठेवणं भागच होतं. कॅरलनी ती आधी वापरली. आणि लिंच म्हणजे हमखास टचडाउन, हेही खरं नाही. त्या हंगामात एक यार्डावरून त्याला पाचदा चेंडू मिळाला होता, टचडाउन एकदाच झाला.

पासच्या प्रकाराबद्दल मात्र तुमच्याशी थोडा सहमत आहे. गर्दीत, मधोमध टाकण्यापेक्षा कोपऱ्याकडे उंच टाकला असता तर धोका कमी होता.

पण मूर्खपणाचा शिक्का मारला की तो पास पकडणाऱ्या पॅट्रियट्सच्या माल्कम बटलरचं श्रेय जातं, आणि मला खरा त्रास त्याचा होतो. ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या निवडीत) कुणीही न निवडलेला, पहिल्याच हंगामातला हा कॉर्नरबॅक (पास अडवणारा बचावपटू). हीच चाल सरावात त्याच्यावर चालली होती आणि टचडाउन गेला होता. दोन रिसीव्हर (पास झेलणारे खेळाडू) एकामागे एक उभे राहिलेले पाहून त्यानं ती ओळखली. समोरच्या जर्मेन कर्सला बटलरचा सहकारी ब्रँडन ब्राउनरनं जागच्या जागी रोखून धरलं. हा ब्राउनर आधी सिअ‍ॅटलकडूनच खेळलेला. त्यामुळे मागून आत शिरणाऱ्या रिकार्डो लॉकेटला आडोसाच मिळाला नाही. पास टाकणाऱ्या रसेल विल्सनच्या हातातून चेंडू सुटेपर्यंत बटलर निघालाही होता. लॉकेटच्या आधी तो तिथे पोचला आणि पास इंटरसेप्ट केला, म्हणजे मधेच पकडला. त्या हंगामात एक यार्डावरून टाकलेला एकही पास तोवर इंटरसेप्ट झाला नव्हता!

पॅट्रियट्सचे तेव्हाचे प्रशिक्षक बिल बेलिचिक नशिबानं वाचले, असंही तुम्ही लिहिलंय. त्यांनी टाइम-आउट न घेता घड्याळ चालू दिलं, हा जुगार होता हे मान्य. पण गोललाइनवर तीन कॉर्नरबॅक उतरवले ते त्यांच्याच संघानं, आणि बटलर मैदानात होता तो त्यामुळेच.

आणखी एक. इंटरसेप्शननंतरही सामना संपला नव्हता. पॅट्रियट्स स्वतःच्या गोललाइनला इतके चिकटले होते की त्यांच्या टॉम ब्रेडीला गुडघा टेकून (टेकला की चाल तिथेच संपते) वेळ काढता येत नव्हता. एंड झोनमध्ये (गोललाइनमागच्या पट्ट्यात) टेकला असता तर सेफ्टीचे दोन गुण जाऊन चेंडूही सिअ‍ॅटलला मिळाला असता. तेवढ्यात सिअ‍ॅटलच्या मायकल बेनेटनं स्नॅपआधीच (चाल सुरू होण्याआधीच) उडी घेतली आणि पाच यार्डांच्या दंडानं ब्रेडीला मोकळी जागा मिळाली. कॅरलना बोल लावणाऱ्यांनी ही चूकही हिशेबात धरावी.