असं कुणी इथं राहत नाही

सदाशिव पेठ साताऱ्यातही आहे, हे पुण्याच्या माणसाला शपथेवर सांगितलं तरी पटत नाही. आम्ही तिथं राहतो. आमची पार्सलं आधी पुण्याची सदाशिव पेठ बघून येतात, ‘असं कुणी इथं राहत नाही’ हे तिथल्या खास आवाजात ऐकून घेतात आणि मग सवडीनं खंबाटकी ओलांडतात. बरं, सातारा रस्ता म्हणावा तर तो पुण्यात, आणि रेल्वेचं सातारा रोड स्टेशन कोरेगाव तालुक्यात. नाव तेच, पण कुणाला विचारता त्यावर पत्ता बदलतो. एवढं बाळकडू मिळालेल्या माणसाला डीएनएस, म्हणजे इंटरनेटवर नावावरून आकड्यांचा पत्ता सांगणारी व्यवस्था, समजायला जड जाऊ नये, आणि गेलंही नाही. जड गेलं ते ऑफिसच्या हेल्पडेस्कला समजावणं.

माझी नोकरी पुण्यातली, बूड साताऱ्यात. मधलं अंतर व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटमधून थेट ऑफिसात निघणारा खासगी बोगदा, भरून काढतं. सकाळी लॅपटॉप उघडायचा, पासवर्ड द्यायचा, मोबाइलवर आलेला आकडा टाकायचा, की कोपऱ्यात हिरवं कुलूप येतं आणि मी अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी बसून कायद्यानं हिंजवडीत असतो. त्या शुक्रवारी संध्याकाळीही कुलूप हिरवंगार होतं. फक्त ‘टाइमशीट.इंट्रा’ ही ऑफिसची आतली साइट उघडत नव्हती. आणि शुक्रवारी सहाच्या आत टाइमशीट भरली नाही, तर त्या आठवड्यात आपण काम केलं हे कंपनीला मान्य नसतं.

ब्राउझर म्हणाला, ही साइट सापडत नाही. स्पेलिंग तपासा, असंही म्हणाला. आठ वर्षं एकच शब्द टाइप करणाऱ्याला हा सल्ला!

शेजारचे अण्णा नेमके पेपर परत द्यायला आले होते.
“नेट गेलं व्हय?”
“नेट आहे, अण्णा. ऑफिसचं नाव सापडत नाही.”
“नेट हाय, मग नाव कुठं जातंय?”
प्रश्न इतका अचूक होता की तो हेल्पडेस्कमधल्या एकालाही पुढचा तासभर सुचला नाही. पण अण्णांना उत्तराची गरज नसते. “थांब, केबलवाल्या पोराला फोन लावतो,” म्हणाले आणि मी नको म्हणेपर्यंत बाहेरच्या कट्ट्यावर जाऊन लावलाही.

मी हेल्पडेस्कला लावला.
“सर, तिकीट रेझ केलंय का?”
“तक्रारीच्या तिकिटाचं पोर्टल पण इंट्रावरच आहे. तेही उघडत नाहीये.”
“ओके सर. मग पोर्टल उघडत नाही, असं एक तिकीट रेझ करा ना.”

या वाक्यापुढे मी काही क्षण शांत बसलो. नंतर मोडेम बंद करून चालू केला, लॅपटॉप बंद करून चालू केला, व्हीपीएन तोडून जोडलं. हे विधी केल्याशिवाय हेल्पडेस्क पुढच्या पायरीवर येत नाही, आणि खोटं बोलून ‘केलं’ म्हणावं तर त्यांना मागचा पंख्याचा आवाज ऐकू येतो. मग मी सर्व्हरचा आयपी, म्हणजे नुसता आकड्यांचा पत्ता, एका जुन्या मेलमधून शोधून पिंग केला, म्हणजे त्या यंत्राला ‘जागं आहेस का’ अशी हाक मारली. फटाफट उत्तरं आली. म्हणजे बोगदा शाबूत, पलीकडचं यंत्र जागं, आमची वायर ठणठणीत. फक्त नाव सांगितलं की अडत होतं.

“म्हणजे नेटवर्क ओके आहे सर,” पलीकडचा मुलगा आनंदानं म्हणाला. “क्लोज करू?”

इथं थोडं थांबून सांगायला हवं, कारण सगळी मेख इथंच आहे. आमची कंपनी सगळी वाहतूक व्हीपीएनमधून नेत नाही. ऑफिसची तेवढी बोगद्यातून, बाकीची घरच्या वाटेनं. पैसे वाचतात. पण रस्ते दोन झाले की पत्ता सांगणारेही दोन होतात. एक ऑफिसचा डीएनएस, ज्याला इंट्रामधली सगळी नावं पाठ. दुसरा आमच्या केबलवाल्याच्या राउटरनं नेमून दिलेला ८.८.८.८, म्हणजे गूगलचा, २००९ च्या डिसेंबरपासून जगाला फुकट पत्ते सांगणारा. त्याला अख्खं जग माहीत, पण टाइमशीट.इंट्रा माहीत असायचं कारणच नाही. ती नावं कंपनीनं बाहेर कुणाला सांगितलेलीच नाहीत, आणि नाही सांगितली हेच बरोबर.

आता लॅपटॉपनं चुकून त्याला आधी विचारलं तर? तो गप्प बसला असता तर चाललं असतं. काही वेळ वाट बघून लॅपटॉपनं दुसऱ्याला विचारलं असतं. पण तो गप्प बसत नाही. तो ठामपणे सांगतो की या नावाचं जगात काहीही नाही. आणि उत्तर मिळाल्यावर यंत्र सरळ माणसासारखं परत फिरतं, दुसऱ्याला विचारत नाही. सदाशिव पेठेतल्या त्या आवाजानं आमची पार्सलं परत फिरतात, ती याच नियमानं. गप्प माणूस परवडला, तो निदान दुसऱ्याकडे तरी जाऊ देतो. (काही इंटरनेटवाले तर ‘नाही’ म्हणण्याऐवजी स्वतःच्या जाहिरातीच्या पानाचा पत्ता हातात ठेवतात. त्यांच्याबद्दल लिहायला वेगळी शाई लागेल.)

शिवाय हा नकार लक्षात ठेवला जातो! ‘आहे’ हे उत्तर साठवून ठेवणं मी समजू शकतो, पण डीएनएसमध्ये ‘नाही’सुद्धा काही काळ जपून ठेवायची रीत आहे, आणि १९९८ साली तिचे नीट नियमही लिहिले गेले. मूळ दुखणं बरं झालं तरी जुना नकार काही वेळ चालूच.

हे मी हेल्पडेस्कला सांगितलं. तो म्हणाला, “सर, मी रिमोटवर येतो.”

पडद्यावरचा बाण आपोआप हलायला लागला. आई देवाजवळ दिवा लावून येत होती, ती दारातच थांबली.
“कोण हलवतंय ते?”
“ऑफिसचा मुलगा. पुण्याहून.”
“त्याला आपलं घर दिसतंय?”
“फक्त स्क्रीन दिसतो.”
तरी तिनं पदर सारखा केला आणि लॅपटॉपच्या मागून वळसा घालून स्वयंपाकघरात गेली.

पुण्याहून मुलानं आधी लॅपटॉपनं साठवलेल्या या उत्तरांच्या आठवणी पुसण्याची आज्ञा दिली. काही फरक नाही, कारण पुसून झाल्यावर पुन्हा त्याच चुकीच्या माणसाला विचारणं झालं. मग त्यानं होस्ट्स फाइल उघडली. या फाइलमध्ये नाव आणि आकडा हातानं लिहिला की डीएनएसला विचारायची गरजच पडत नाही. उपाय लागू पडतो, पण फार जुना आहे. एके काळी सगळं नेटवर्क याच फाइलवर चालायचं. कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर यांच्या गटाकडे तिची मूळ प्रत असे आणि नवीन यंत्राचं नाव घालायचं तर त्यांना कचेरीच्या वेळेत फोन करावा लागे. नावं वाढली, यादी आवरेना, म्हणून १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएस मांडलं. आणि आमचा हेल्पडेस्क मला परत त्याच्याही मागं घेऊन निघाला होता. उद्या सर्व्हरचा आकडा बदलला की माझा लॅपटॉप जुन्या दारावर टकटक करत बसणार, आणि तेव्हा फोनवर दुसराच मुलगा असणार. मी त्याला थांबवलं.

एनएसलुकअप ही पत्ता विचारायची आज्ञा लावून ऑफिसच्या डीएनएसला मुद्दाम नाव घेऊन विचारलं, तर त्यानं क्षणात बरोबर पत्ता दिला. बिचारा कधीचा तयार बसला होता, त्याला कुणी विचारतच नव्हतं. कराडच्या माझ्या सहकाऱ्याची तऱ्हा आणखी न्यारी. त्याच्या घरच्या राउटरचे आकडे १९२.१६८.१ नं सुरू होणारे आणि ऑफिसच्या एका भागाचेही तेच. हे आकडे खासगी वापरासाठीच राखलेले, कुणीही घरात वापरावेत असे. त्यामुळे ऑफिसच्या डीएनएसला विचारलेले त्याचे प्रश्न रोज घरातल्या प्रिंटरकडे जात. प्रिंटर तरी काय सांगणार?

शेवटी मुलानं क्रम बदलला. व्हीपीएनच्या जोडणीचा मेट्रिक नावाचा आकडा कमी केला, म्हणजे तिचा मान आधीचा. नावानं पिंग केलं. उत्तर आलं! पावणेसहा वाजले होते. ब्राउझर उघडला.

ही साइट सापडत नाही. स्पेलिंग तपासा.

“सर, पिंग होतंय म्हणजे आमच्या बाजूनं ओके आहे.” तो पुन्हा ‘क्लोज’कडे सरकू लागला.

पिंगला जे कळतं ते ब्राउझरला कळत नाही, याचा अर्थ ब्राउझरनं स्वतःचा वेगळा माणूस ठेवलाय. आणि ठेवलाच होता. हल्ली ब्राउझरांना विंडोजला विचारणं कमीपणाचं वाटतं. २०१८ पासून प्रमाण झालेली एक पद्धत आहे, तिच्यात ते पत्त्याचे प्रश्न एचटीटीपीएसमध्ये, म्हणजे साइटींच्या कुलूपबंद वाहतुकीत, गुंडाळून थेट बाहेरच्या एखाद्या डीएनएसला पाठवतात, मधल्या कुणाला दिसू नयेत म्हणून. हेतू चांगला आहे. केबलवाल्यानं माझे प्रश्न वाचू नयेत, हे मलाही पटतं. पण त्या गुप्ततेपायी ऑफिसचा डीएनएसही बाजूला पडतो. सेटिंगमध्ये ‘सुरक्षित डीएनएस’ चालू होतं, खाली बाहेरच्या एकाचं नाव पक्कं निवडलेलं. त्याच्याशिवाय कुणाला विचारायचंच नाही, अशी सक्त ताकीद.

“हे कुणी केलं सर?”
“तुमच्याकडच्यानंच. परवा ट्रेनिंगची साइट उघडत नव्हती तेव्हा. तेही रिमोटवरच.”
पलीकडे शांतता. मग कीबोर्डचा आवाज. बहुतेक तो जुनं तिकीट शोधत असावा.

मी ते बटण बंद केलं आणि टाइमशीट.इंट्रा टाकून एंटर दाबलं. पान उघडलं. सहाला चार मिनिटं कमी होती. सोमवार ते शुक्रवार रोज आठ-आठ तास भरून सबमिट केलं. शुक्रवारच्या आठातले दोन कुठे गेले, हे विचारणारा रकाना त्यात नाही.

तेवढ्यात बाहेरून हाक आली, “दादा, चालू झालं का बघा!”

गॅलरीत आलो. गल्लीतल्या खांबाला शिडी लावलेली, केबलवाल्याचा पोरगा वर, तोंडात स्क्रू ड्रायव्हर. खाली अण्णा शिडी धरून उभे, आणि त्यांच्याभोवती गल्लीतले आणखी चारपाच जण. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते.

“झालं,” मी म्हटलं. खोटं नव्हतंच ते.

“कनेक्टर ढिला होता,” पोरगा उतरत म्हणाला. “पावसानं गंजलाय. कुणाच्या ध्यानात येत न्हाय.”

“मी म्हटलं न्हवतं?” अण्णा गल्लीला म्हणाले. “ह्यो पठ्ठ्या दोन तास पुण्याला फोन करत बसलाय, आन् रोग आपल्या दारातल्या खांबावर!”

दोन डीएनएस, मेट्रिक आणि ब्राउझरचा स्वतंत्र बाणा, हे सगळं शिडीखाली उभ्या असलेल्यांना कसं सांगायचं? तोंड उघडलं होतं, पण आईनं आतून शंभराची नोट आणून माझ्या हातात दिली आणि मी ती वरूनच खाली सोडली. पोरग्यानं ती अलगद झेलली आणि म्हणाला, “पुढच्या वेळी डायरेक्ट मलाच फोन करा, दादा. ऑफिसवाल्यांना यातलं काय कळत न्हाय.”