‘आश्रय नाकारला म्हणजे माणूस खोटा’ हा दावा खोटा आहे

कोथरूडला राहणाऱ्या माझ्या मामांनी गेल्या आठवड्यात कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर एक लांबलचक संदेश पाठवला आणि ‘वकील आहेस ना, मग वाच’ अशी मला सूचनाही केली. त्याच संध्याकाळी तो आमच्या सोसायटीच्या गटावरही आला. त्यात ब्रिटनमधील आश्रयार्थींविषयी, म्हणजे मायदेशातील छळाच्या भीतीने तिथे संरक्षण मागणाऱ्यांविषयी, पाच दावे आहेत. आश्रयाचा अर्ज सरकारने नाकारला म्हणजे अर्जदार खोटारडा असल्याचे सिद्ध झाले. कुणीही उठून अपील करतो आणि न्यायाधीश दया म्हणून ते मंजूर करतात. तोवर हे लोक सरकारी पैशावर हॉटेलांत चैन करतात. म्हणून अपिले आठवड्याभरात निकाली काढावीत किंवा बंदच करावीत. आणि भारताने हे आधीच ओळखले आहे, कारण आपल्याकडे परक्या माणसाला न्यायालयात उभेच राहता येत नाही. मामांनी खाली ‘अगदी खरे’ असे लिहिले होते. मी शिवाजीनगरच्या न्यायालयात वकिली करते आणि या ‘अगदी खरे’वर गप्प बसणे मला शक्य नाही.

पहिला दावा सर्वांत घातक आहे, कारण बाकीचे सगळे त्याच्यावर उभे आहेत. ब्रिटनमध्ये आश्रयाच्या अर्जावर पहिला निर्णय गृहखात्याचा अधिकारी देतो. मुलाखत तेच खाते घेते, पुरावा तेच तोलते आणि नकारही तेच देते. ज्या खात्यावर लोकांना देशाबाहेर पाठवण्याची जबाबदारी आहे, त्याच खात्याचा कागद अंतिम सत्य मानायचा, हे कोणत्या न्यायात बसते? गावाकडच्या जमिनीची फेरफार नोंद मंडल अधिकाऱ्याने चुकीची मंजूर केली, तेव्हा मामा प्रांतांकडे अपिलात गेले आणि ती नोंद रद्द झाली. मंडल अधिकाऱ्याची सही झाली म्हणून मामा खोटे ठरले होते, असे आमच्या घरात कुणी म्हटले नाही. इथे तर पणाला जमीन नसून माणसाचा जीव असतो.

गेल्या काही वर्षांत ब्रिटनमधील प्रथमस्तर न्यायाधिकरणात, म्हणजे गृहखात्याच्या नकाराविरुद्धचे पहिले अपील जिथे चालते तिथे, निकाली निघालेल्या आश्रयविषयक अपिलांपैकी साधारण निम्मी मंजूर झाली आहेत. म्हणजे नकाराचे जे कागद न्यायाधीशांपुढे तपासले गेले, त्यांतील जवळजवळ निम्मे टिकले नाहीत.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे नकार मिळण्यासाठी माणूस खोटा ठरावाच लागतो असे नाही. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने ७ जुलै २०१० रोजी दोन समलिंगी पुरुषांच्या अपिलांवर एकत्र निकाल दिला. एक जण इराणचा होता, दुसरा कॅमेरूनचा, आणि निकालात त्यांचा उल्लेख केवळ आद्याक्षरांनी आहे. कॅमेरूनच्या माणसाला शेजाऱ्याने जोडीदाराचे चुंबन घेताना पाहिले आणि त्यानंतर जमावाने त्याला मारहाण केली. हे दोघे समलिंगी आहेत, ही गोष्ट सरकारने मान्य केली होती. तरीही अर्ज फेटाळले गेले, न्यायाधिकरणाने आणि नंतर अपील न्यायालयानेही तो नकार कायम ठेवला, आणि कारण असे दिले गेले की मायदेशी परतून त्यांनी आपली ओळख लपवून ठेवली तर ते जगणे त्यांना सहन होण्यासारखे आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या पाचही न्यायमूर्तींनी ही कसोटी एकमताने मोडीत काढली. छळाच्या भीतीने आयुष्यभर स्वतःला लपवून जगावे लागत असेल, तर ती भीतीच संरक्षणाचा आधार आहे, असा त्या निकालाचा गाभा आहे. या दोघांनी खोटे काय सांगितले होते? संदेश लिहिणाऱ्याने त्याचे उत्तर द्यावे. पहिल्या नकारालाच शेवट मानले असते, तर खरे बोलणारी ही दोन माणसे परत पाठवली गेली असती आणि त्यांच्यानंतर आलेल्यांनाही तीच कसोटी लागू झाली असती.

‘कुणीही उठून अपील करतो’ हेही चूक आहे. नकाराचा निर्णय पाठवल्यापासून अपिलाला साधारणतः १४ दिवस मिळतात. दावा उघडपणे निराधार असल्याचे गृहखात्याने प्रमाणित केले, तर २०२२ च्या कायद्यानंतर अपिलाचा हक्कच उरत नाही, आणि भारत २००२ च्या मूळ कायद्यातील सुरक्षित देशांच्या यादीत असल्याने भारतीय अर्जदारांना ही तरतूद चांगलीच जाचते. वरच्या न्यायाधिकरणात परवानगी मिळवून आणि केवळ कायद्याच्या मुद्द्यावरच जाता येते. दयेचा अर्ज यात कुठेच नाही.

चैनीविषयी एवढेच सांगते की, २०२४ मध्ये स्वतः स्वयंपाक करणाऱ्या आश्रयार्थीला आठवड्याला ४९.१८ पौंड, म्हणजे साडेपाच हजार रुपयांच्या आसपास मिळत होते. जेवण देणाऱ्या हॉटेलात ठेवलेल्याला दहा पौंडांहूनही कमी मिळत. निर्णयाला वर्षभर उशीर झाल्याशिवाय कामाची परवानगीही मागता येत नाही.

विलंबाची तक्रार मात्र मला मान्य करावी लागते. २०२४ च्या अखेरीस चाळीस हजारांहून अधिक आश्रयविषयक अपिले प्रलंबित होती आणि सरकारचा खर्च त्यामुळे वाढतो, हे खरे आहे. काही लोक वेळ काढण्यासाठी अपील करत असतील, हेही मी नाकारत नाही. पण आठवड्याभरात निकालाचा उपाय ब्रिटनने करून पाहिला आहे. स्थानबद्ध अर्जदारांच्या जलदगती प्रक्रियेत अपिलासाठी कामाचे दोनच दिवस मिळत, आणि २०१५ मध्ये अपील न्यायालयाने ते नियम मुळातूनच अन्यायकारक ठरवून बेकायदा घोषित केले. बंद खोलीत बसलेल्या, भाषा न येणाऱ्या माणसाने दोन दिवसांत वकील, दुभाषी आणि गावाकडचे कागद कुठून आणायचे?

राहिला भारताचा मुद्दा. भारत १९५१ च्या निर्वासितविषयक करारात सहभागी नाही आणि आपल्याकडे आश्रयाचा स्वतंत्र कायदा नाही, इतपत खरे आहे. परक्या माणसाला न्यायालय बंद आहे, हे साफ चूक आहे. संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जीविताचे संरक्षण ‘व्यक्ती’ला आहे, केवळ नागरिकाला नाही, आणि तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातून निर्वासित म्हणून आलेल्या चकमा समाजाला अरुणाचल प्रदेशातून हुसकावण्याच्या धमक्या दिल्या जात होत्या, तेव्हा १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच अनुच्छेदाच्या आधारे राज्य सरकारला त्यांचे रक्षण करण्याचा आदेश दिला. २०२१ मध्ये जम्मूतील रोहिंग्यांच्या प्रकरणात न्यायालयाने दिलासा नाकारला, तो आदेश मला पटत नाही, पण त्यातही कायद्याने ठरवलेली प्रक्रिया पाळल्याशिवाय कुणाला परत पाठवू नये असे स्पष्ट लिहिले आहे. ती याचिका भारताचे नागरिक नसलेल्या माणसानेच केली होती आणि न्यायालयाने ती ऐकली होती.